पट्टीमामांचं पाऊल

रंगमंचावर मी सव्वीस वर्षं चालले आणि त्या सव्वीस वर्षांत एकदाही खाली बघून चालले नाही. लोकांना वाटायचं, काय हा डौल! डौल कसला, खालची फळी पट्टीमामांनी ठोकलेली असायची, एवढंच. मामांनी ठोकलेल्या फळीवर पाय ठेवताना बघावं लागत नाही, हे आमच्या कंपनीत दिवे लावणाऱ्यापासून नायकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर कुठंतरी असणार. आम्ही कधी त्या नावानं हाक मारली नाही. नेपथ्य उभं करायचं काम त्यांचं, पण टेप म्हणून कधी हातात धरली नाही. नव्या नाट्यगृहात पोचलो की सामान उतरायच्या आधी हा किडकिडीत माणूस हात मागं बांधून रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचा. ओठांतल्या ओठांत मोजायचा आणि सांगायचा, "तीस फूट. डावीकडची भिंत हातभर आत घ्या." त्यांचं एक पाऊल म्हणजे अडीच फूट, ना कमी ना जास्त. एकदा आमच्या मॅनेजरनी पैजेवर टेप मागवली. भरलं तीस फूट, वर दोन बोटं.

"ही दोन बोटं कुठं गेली हो?" मॅनेजर म्हणाले.

"चपलेचा अंगठा तुटलाय," मामा म्हणाले.

तेव्हापासून त्यांचं नाव पडलं 'फूटपट्टी'. मग 'पट्टी' झालं, आणि केस पिकायला लागल्यावर 'पट्टीमामा'.

एक प्रसंग सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. एका नाटकात मला मागच्या जिन्यावरून हातात दिवा घेऊन उतरायचं होतं. अकरा पायऱ्या, अंगावर पायघोळ पोशाख, नजर समोर. मी विंगेत उभी, आता प्रवेश, आणि मामा धापा टाकत आले. "बाई, तिसरी पायरी सोडा. खिळा निसटलाय, ठोकायला वेळ नाही. दुसरीवरून थेट चौथीवर." एवढं बोलून गेले. मी दुसरीवरून चौथीवर गेले. दुसऱ्या दिवशी एक जाणकार रसिक मुद्दाम भेटायला आले आणि म्हणाले, "उतरताना मध्येच तुम्ही जी झेप घेतलीत, तिच्यात त्या बाईच्या मनाची सगळी घालमेल आली." मी नम्रपणे मान लववली. मामा शेजारीच होते. ते तोंड फिरवून खिळे शोधायला लागले.

कंपनी बंद पडली तेव्हा आम्ही सगळे रस्त्यावरच आलो. कुणी शिकवण्या धरल्या, कुणी मुलाकडे गेलं. मामांनी लग्नांची सजावट धरली. "काम तेच आहे बाई," ते म्हणायचे. "मंच उभा करायचा, दोघांनी यायचं, लोकांनी बघायचं. फक्त इथं दुसरा प्रयोग नसतो."

एका दिवशी ते एकच लग्न घ्यायचे. नवं सभागृह असेल तर आधी स्वतः जाऊन पावलांनी मोजायचे, मग सगळ्यात मागच्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसायचे. तिथं पाच-दहा मिनिटं गप्प बसून झाल्यावर म्हणायचे, "होईल." त्याआधी कुणी कितीही गळ घातली तरी तोंडातून 'होईल' निघायचं नाही. आणि लग्नाच्या दिवशी शेवटचा पाहुणा जाईपर्यंत कमानीच्या मागं उभे. जेवायलासुद्धा हलायचे नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मी बांधलंय ना? मग पडलं तर माझ्या डोक्यावर पडू दे."

तर अशा माणसाला मी माझ्या भावाच्या नातीच्या लग्नासाठी बोलावलं.

ही नात औषधांच्या कारखान्यात तपासणीला आहे. दिवसभर गोळ्या, बाटल्या आणि त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या पडताळून बघते. घरीही तेच. दुधाची पिशवी फ्रिजमध्ये ठेवण्याआधी तारीख वाचते. तिनं स्वतःच्या लग्नाची एक फाइल केली होती, चांगली चार बोटं जाड. हॉलवाला, फुलवाला, जेवणवाला, फोटोवाला, प्रत्येकाचा वेगळा विभाग आणि विभागाला रंगीत चिकटपट्टीची शेपटी: पिवळी, लाल, हिरवी. तिचा होणारा नवरा शाळेत चित्रकला शिकवतो. आम्ही त्याला मास्तर म्हणतो. तो म्हणायचा, "आत्याआजी, माझाही एक विभाग आहे. निळा. अजून मंजूर झालेला नाही."

हसायला येतं खरं, पण त्या फाइलीमागं कारण होतं. हिच्या थोरल्या बहिणीचं लग्न चार वर्षांपूर्वी झालं. फोटोग्राफर मोठा गोडबोल्या. लग्न झालं, आठवडा गेला, महिना गेला. "उद्या देतो ताई." "अल्बम छापायला गेलाय ताई." "फक्त कडा कापायच्या राहिल्यात ताई." दोन वर्षं त्याचा उद्या उजाडला नाही. शेवटी एक दिवस ह्या दोघी बहिणी त्याच्या स्टुडिओवर गेल्या तर तिथं चपलांचं दुकान. माझा भाऊ, म्हणजे ह्यांचा आजोबा, त्या लग्नात शेवटचा उभा राहून पोट धरून हसला होता. नंतर तीन महिन्यांत गेला. त्याचं ते हसणं त्या माणसाच्या कॅमेऱ्यात होतं, आणि तिथंच राहिलं.

म्हणून पट्टीमामा माझ्या खोलीत येऊन बसले, तेव्हा नातीनं नमस्कार केला, चहा दिला आणि फाइल उघडली.

"आजोबा, तुम्ही लिहून काय देता?"

"मामा म्हण. आजोबा म्हटलं की गुडघा दुखतो."

"बरं, मामा. लिहून काय देता?"

"लिहून काही देत नाही. मी येतो."

"सगळेच येतो म्हणतात."

"मग सगळ्यांना विचार, कोण आलं."

"विचारलंय. म्हणूनच फाइल केलीय."

मामांनी बशीतला चहा संपवला. "लिहिलेलं फाटतं, पोरी."

"बोललेलं तर फाटायलाही उरत नाही, मामा."

मामांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, ही तुमच्याच घरातली?"

"माझ्याच."

"तरीच."

तिनं सात कलमांचा कागद पुढं केला. मामांनी चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं. सातव्या कलमावर बोट ठेवून म्हणाले, "'काही अडचण आल्यास त्याच दिवशी कळवणे.' हे काय लिहायची गोष्ट आहे? हे तर माणूस असलं की आलंच."

"फोटोग्राफरही माणूसच होता, मामा."

मामांनी सही केली. त्या सहीत मी त्यांचं खरं नाव पहिल्यांदा वाचलं. चांगलं भारदस्त नाव होतं, त्यांना अजिबात न शोभणारं. मी जिन्यापर्यंत सोडायला गेले तेव्हा ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते. गेल्या वर्षी शिडीवरून पडल्यावर गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. मध्येच थांबले आणि वर न बघता म्हणाले, "इतक्या वर्षांत कामासाठी पहिल्यांदा सही केली, बाई. चोर असल्यासारखं वाटलं."

मला वाईट वाटलं. नातीचा थोडा रागही आला. त्या रागातच मी पुढची चूक केली.

दोन दिवसांनी आम्ही चौघं सभागृह बघायला गेलो. नवीन बांधलेलं, भिंतींना अजून रंगाचा वास. मंचावर दोन जाडजूड खांब, आणि त्यांच्या मध्ये मास्तरनं काढलेल्या चित्रातली कमान उभी करायची होती. वेताची, एका बाजूनं जमिनीतून उगवून दुसऱ्या बाजूला टेकणारी, सगळी पांढऱ्या फुलांनी मढवलेली. मामांनी हात मागं बांधले आणि चालायला लागले.

नातीनं पिशवीत हात घातला. "मामा, माझ्याकडे टेप आहे. काढू का?"

आणि मी हसले. चांगली खळखळून हसले. "अगं, तू फूटपट्टीला टेप दाखवतेस? हा माणूस म्हणजेच टेप!"

तिनं हात पिशवीतून बाहेर काढला. मामा दुसऱ्या खांबाशी पोचले होते. "बारा. तीस फूट. अठ्ठावीसची कमान करतो, दोन्हीकडे फूटभर मोकळी." मग ते मागच्या रांगेत जाऊन बसले. आम्ही वाट बघत उभे राहिलो. थोड्या वेळानं मागून आवाज आला, "होईल."

लग्न रविवारी होतं. त्याच्या आधीच्या मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमाराला, मी कमान बघायला मामांच्या कारखान्यावर गेले. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड आणि पुढं अंगण. फाटकापासून शेडच्या भिंतीला लागून असलेल्या बाकापर्यंत फरसबंदी. त्या बाकावर मी कितीतरी दुपारी बसलेय. मामा फाटक उघडायला यायचे आणि सवयीनं पावलं पुटपुटत माझ्या पुढं चालायचे. फाटक ते बाक आठ पावलं. मला त्यांचा तो 'आठ' पाठ होता. नटाला दुसऱ्याची वाक्यंही पाठ होतात, तसा.

त्या दिवशी मी त्यांच्या मागून चालत होते. "सात, आठ, नऊ, दहा," म्हणाले आणि बाकाशी थांबले.

"मामा, बाक मागं सरकवलात का?"

"कसा सरकवणार? सिमेंटात गाडलाय."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मामा काही न बोलता फाटकापर्यंत परत गेले आणि पुन्हा चालत आले. या वेळी मोठ्यानं मोजत. पुन्हा दहा. शेवटचं जरा आखूड, पण दहाच. त्यांनी खाली आपल्या गुडघ्याकडे बघितलं, जसं एखाद्या नात्यातल्या माणसाला रंगेहाथ पकडावं.

"टेप," ते म्हणाले.

कारखान्यात टेप नव्हतीच. शेजारच्या शिंप्याकडून मी आणली, ती गळ्यात घालायची कापडी. मामांनी चुन्यानं जमिनीवर रेघ मारली, पाऊल टाकलं, आणि मी वाकून मोजलं. पंचवीस इंच. पुन्हा टाकलं. पंचवीस इंच. एक पाऊल अडीच फुटांचं राहिलं नव्हतं, पाच इंच कमी झालं होतं.

"वर्षभर कळलं कसं नाही मला?" मामा म्हणाले.

कळणार कसं? ऑपरेशननंतर त्यांनी घेतलेली सगळी कामं ओळखीच्या सभागृहांतली होती. तिथली मापं त्यांना तोंडपाठ. नवीन जागा हीच पहिली. अंगणात ते सवयीनं पुटपुटायचे, आकड्याकडे लक्ष कुणाचं, आणि मीही ऑपरेशननंतर तिथं पहिल्यांदाच आले होते. बारा पावलं म्हणजे आता तीस फूट नव्हे, पंचवीस. आणि आमच्या पाठीमागं, पावलांवर नव्हे, जुन्या ठरल्या मापाच्या साच्यांवर वाकवलेले तीन भाग जोडून, अठ्ठावीस फुटांची कमान उभी होती. इतकी देखणी की तिच्याकडे पाठ करूनच बोलावं लागत होतं.

मामा बाकावर बसले. मी म्हटलं, "वेत पुन्हा भिजवता येईल ना?"

"येईल. नुसती कापून चालणार नाही, वळण बिघडतं. सगळीच सोडायची, भिजवायची, नव्यानं वाकवायची. वाळायला दोन दिवस. शनिवारी कशीबशी उभी राहील."

"मग झालं तर. हाताखाली माणसं घ्या आणि लागा कामाला. पोरांना कशाला सांगायचं? उगाच जिवाला घोर. आपण कधी प्रेक्षकांना सांगितलं का, मागं काय तुटलंय ते?"

खरं सांगायचं तर मला काळजी फक्त मामांची नव्हती. मी त्या दिवशी खळखळून हसले होते, तेही कळलं असतं.

मामा बराच वेळ शिंप्याची टेप बोटाभोवती गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "ती दोघं प्रेक्षक नाहीत, बाई. ती प्रवेश करणार आहेत." थोडं थांबून म्हणाले, "तिसरी पायरी आठवते?"

"आठवते."

"तुम्हाला सांगितली होती. समोर बसलेल्यांना नव्हती सांगितली."

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

"सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला," मामा म्हणाले. "माझा खिळा, आणि निसटला म्हणून मीच सांगायचं! वाटलं, देवाचं नाव घ्यावं आणि गप्प राहावं, एखादे वेळी पाय नीट पडेलही. पण पडलाच नसता तर तुम्ही पडला असता, मी नाही."

संध्याकाळी सहाच्या आधीच आम्ही नातीच्या दारात. मामा घरी जाऊन धुवट शर्ट घालून आले होते. ती नुकतीच कामावरून आली होती, मास्तर आहेराच्या पाकिटांवर नावं लिहीत बसला होता. मामा बसले नाहीत.

"पोरी, माझं माप चुकलं. कमान तीन फुटांनी मोठी झालीय. खांबांच्या मध्ये बसणार नाही."

"पण तुम्ही मोजलं होतंत!"

"मोजलं होतं. पण ज्या पायानं मोजलं तो पाय पहिला राहिलेला नाही, आणि ते मला आज कळलं." त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. "हा एक तरुण सजावटकार आहे. हात चांगला आहे, शब्दाचाही पक्का. येताना त्याला विचारून आलोय, रविवारी मोकळा आहे. तुम्ही म्हणाल तर तो करेल. मी बाजूला होतो. माझ्यावरच ठेवायचं असेल तर शनिवारपर्यंत नवी कमान उभी करतो, पण होईल असं आज म्हणत नाही. होण्यासारखं आहे, एवढंच म्हणतो."

नात माझ्याकडे वळली. "मी टेप काढत होते! आत्याआजी, तुम्ही हसलात!"

"हसले," मी म्हटलं. "चुकलं माझं."

ती तरातरा आत गेली. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. मामा घाबरून दाराकडे बघायला लागले.

"घासतेय," मास्तर हळूच म्हणाला. "राग आला की भांडी घासते. लग्नानंतर आमच्या घरी स्वच्छतेची काळजी नाही." मग त्यानं खुर्ची पुढं सरकवली. "बसा मामा. कढईपर्यंत पोचली की राग उतरतो."

कढई घासून झाली असावी. ती ओल्या हातांनीच बाहेर आली, फाइल काढली, मामांचा विभाग उघडला.

"आज किती वाजता कळलं तुम्हाला?"

"तीनला. बाई होत्या."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सहा वाजून वीस मिनिटं. ती उभीच राहिली, कागदाकडे बघत. मग मास्तरला म्हणाली, पण बोलत होती स्वतःशीच, "ताईच्या फोटोग्राफरला कधी कळलं असेल रे, फोटो गेले म्हणून?"

मास्तरनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"पहिल्याच आठवड्यात कळलं असणार. दोन वर्षं उद्या-उद्या म्हणत बसला. तेव्हाच सांगितलं असतं ना, तर आपण घरोघर फिरलो असतो. लग्नाला आलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये काही ना काही होतं. आजोबा कुणाच्या तरी फोटोत मागं हसताना असतेच. दोन वर्षांनी विचारत गेलो तर लोकांनी फोन बदललेले." तिनं डोळे मनगटानं पुसले, हात ओले होते म्हणून. "फोटो गेले याचं काही नाही. त्यानं शोधायची वेळ घालवली आमची."

मग तिनं ती चिठ्ठी उचलली.

"हा माणूस खरंच चांगला आहे?"

"माझ्यापेक्षा चपळ आहे."

"मग त्याला मदतीला घ्या. तुमच्या हाताखाली." तिनं पेन काढलं आणि सात कलमांच्या खाली आठवं लिहिलं, मोठ्यानं वाचत: "'यापुढे सर्व मापं टेपने. एक टोक मामा धरतील, दुसरं मास्तर.' सही करा."

मामांनी सही केली. या वेळी न वाचता.

"वाचलं नाहीत?" ती म्हणाली.

"तू मोठ्यानं म्हटलंस की."

मग तिनंही खाली सही केली आणि म्हणाली, "मी अजून रागात आहे हं, मामा."

"असावंच," मामा म्हणाले.

बुधवारी सकाळी सभागृहात टेप लागली. मास्तर एका खांबाशी उकिडवा बसला, मामा दुसऱ्या. पंचवीस फूट एक इंच. मामांनी टेप सोडली, हात मागं बांधले आणि पुन्हा एकदा चालून बघितलं. बारा. माझ्याजवळ येऊन बारीक आवाजात म्हणाले, "फूटपट्टी नवी आलीय, बाई. पंचवीस इंची." डोळ्यांत थोडं पाणी आणि थोडा खट्याळपणा, दोन्ही होतं.

पुढचे तीन दिवस त्या अंगणात जे चाललं ते मी बाकावर बसून बघितलं. वेत सोडला, टाकीत भिजवला, चुन्यानं जमिनीवर नवी कमान आखली आणि त्या रेघेवर खुंट्या ठोकून वेत वाकवून बांधला. तो चपळ सजावटकार आला होता. त्याला वाटलं होतं म्हाताऱ्याचं काम आयतं मिळतंय, पण पहिल्याच तासात त्यानं अंगातलं जाकीट काढलं आणि "मामा, हे असं का?" विचारायला लागला. नात कामावरून परस्पर यायची, येऊन काही बोलायची नाही. खुंट्यांमधली अंतरं आपल्या टेपनं मोजायची, मान हलवायची, जायची. शुक्रवारी येताना मामांसाठी गुडघ्याचा पट्टा घेऊन आली. त्याच्यावरची मुदतीची तारीख वाचून मगच दिला. शनिवारी दुपारी दोर सोडले. वेत जागचा हलला नाही. संध्याकाळपर्यंत कमान सभागृहात दोन खांबांच्या मध्ये उभी होती, दोन्हीकडे फूटभर मोकळी. मामा मागच्या रांगेत जाऊन बसले.

"झाली," मामा म्हणाले. 'होईल' म्हणायची वेळ उरलीच नव्हती.

रविवारी सगळं वेळेवर आलं. फुलं, खुर्च्या, माणसं. मी पुढच्या रांगेत, जुन्या रेशमी साडीत. पण मला राहवेना. आयुष्यभर विंगेत उभी राहिलेली बाई मी, समोर बसून प्रवेशाची वाट बघणं जमत नाही. उठले आणि मंचाच्या बाजूच्या खोलीत गेले. नात तयार होती, इतकी सुंदर की बोलवेना. आणि हातात काय, तर फाइल. फुलांचा गुच्छ मास्तरच्या हातात, फाइल हिच्या.

"अगं, ही घेऊन जाणार आहेस मंचावर?"

"शेवटपर्यंत काय लागेल सांगता येत नाही, आत्याआजी."

तेवढ्यात पडदा बाजूला करून मामा आत आले. धापा टाकत. तो चेहरा मी ओळखत होते.

"पोरी, कमानीचा उजवा पाय हलतोय. फरशी तिथं खाली गेलीय, काल रिकाम्या मंचावर कळली नाही, आज फुलांचं वजन आल्यावर कळली. पडणार नाही, मी धरून उभा राहीन. पण खाली पाचर बसली तर बरं. लाकडाचा ठोकळा जाड होतो, पुठ्ठा दबतो. तुम्ही डाव्या अंगानं या आणि डावीकडेच उभे राहा."

बाहेर लोक गप्प झाले होते. आता बोलावणं येणार.

नातीनं मामांकडे बघितलं. मग हातातल्या फाइलीकडे. अंगठा आणि बोटामध्ये धरून तिची जाडी बघितली, जशी ती कारखान्यात गोळी बघत असेल.

"ही चालेल का बघा."

मामांनी फाइल हातात घेतली. दाबून बघितली. "सगळे कागद आत आहेत?"

"सगळे. तुमचाही."

मामा गेले. मास्तरनं गुच्छ तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "निळा विभागसुद्धा गेला की आत!"

"तुझा मंजूर झालाय," ती म्हणाली. "चल."

दोघं डाव्या अंगानं गेली. ती खाली न बघता चालली.

त्या लग्नाचे फोटो आठव्या दिवशी घरी आले. नव्या फोटोग्राफरलाही सातवं कलम होतं, पण त्याची गरज पडली नाही. त्यातला एक मी मागून घेतलाय, माझ्या खोलीत लावलाय. कमान, कमानीखाली दोघं, डावीकडे जरा सरकून उभी. उजवीकडे, जिथं कमान जमिनीला टेकते तिथं, पांढऱ्या फुलांच्या खालून तीन-चार बारीक पाकळ्या बाहेर आल्यात. पिवळी, लाल, हिरवी, एक निळी. आणि त्यांच्या मागं, फुलांच्या फटीतून, एका चपलेचा अंगठा.

येणारे-जाणारे विचारतात, हे खाली रंगीत कुठलं फूल आहे हो? मी सांगत बसत नाही. चहा ठेवते, आणि म्हणते, बसा, मोठी गोष्ट आहे.